शितायाची गुणवंत सून

ऊन उतरायला लागलं की ओतोसे हातातला रुंद कुंचला पाण्यात बुडवून ठेवी, दोरीवर वाळत घातलेल्या कागदांखालून वाकून घरात येई आणि सासूपुढे पाठ करून उकिडवी बसे. ओयोने नावाची ती म्हातारी तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकी. मग गुडघ्यावर हात रेटून ओतोसे उठे आणि दोघी चाळीच्या बोळातून पेठेच्या सार्वजनिक न्हाणीघराकडे निघत.

"हळू! मी काय मुळ्यांची जुडी आहे?"

"मुळ्यांची जुडी गप्प तरी बसते, सासूबाई."

"तुझी मान घामेजली आहे."

"मग दुसरी मान बघा कुठली तरी."

शिताया पेठेतल्या त्या चाळीला हे रोजचंच होतं. विहिरीवरच्या बायका बादल्या बाजूला सरकवून वाट देत. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कुणीतरी पुढे होऊन म्हातारीचे पाय धरी, कुणी तिच्या खडावा उचले. त्या खडावा ओयोने घालत नसे, पण बाहेर जायचं तर खडावा बरोबर हव्यात म्हणून हातात घेऊन येई. तिचं कंबरडं मोडलं त्याला सात हिवाळे झाले होते. विहिरीपाशी बर्फावर पाय घसरला तो कायमचा. त्याच हिवाळ्यात तिचा मुलगा यासुकिची, म्हणजे ओतोसेचा नवरा, तापाने गेला.

यासुकिची चित्रांच्या कागदाला सरस-तुरटी लावायचा. ठशावरून रंगीत चित्र छापायचं तर कागद आधी सरसाच्या आणि तुरटीच्या पाण्याने माखून वाळवावा लागतो, नाहीतर रंग फुटतो आणि सुंदर बाईच्या गालावर डाग पसरतो. ओतोसे लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याच्या कागदाचं दुसरं टोक धरून उभी राहायची. तो गेल्यावर तिने दोन्ही टोकं धरली. हिवाळ्यात सरस पातेल्यातच थिजे, पावसाळ्यात कागद वाळत नसत, आणि तुरटीने बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा कुठल्याच ऋतूत भरत नसत. तिच्या अंगाला, केसांना सरसाचा वास होता. लहान मुलं ती जवळ आली की नाक धरत. माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं, भाऊ कधीचा कुठेतरी उत्तरेला निघून गेला होता. तेव्हा ती सासूपाशी राहिली, यात तिने ठरवून काही केलं असं नव्हतंच. सकाळी उठून सरस उकळत ठेवायचा होता आणि म्हातारीला पेज द्यायची होती, तर ती ते करत राहिली.

दमलीस का, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिला क्षणभर विचार करावा लागला असता. दमली नव्हती असा दिवस तिला आठवत नव्हता, त्यामुळे तुलना कशाशी करायची हाच प्रश्न होता.

मागोशिची तिला नदीच्या धक्क्यावर भेटला. कोआमीचोच्या धक्क्याजवळच्या कागदवाल्याकडून ती कोऱ्या कागदांचे गठ्ठे उचलून आणायची. मागोशिची नोदा गावाहून सोयाच्या खारट रसाची पिंपं घेऊन येणाऱ्या नावेवर होता. पंचेचाळिशीचा, बायको वारलेली, उजव्या कानाने बहिरा. एकदा तिचा गठ्ठा त्याने न विचारता उचलून पुलापर्यंत आणून दिला. पुढच्या खेपेला पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याने लग्नाचं विचारलं, आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं, त्यामुळे सगळ्या हमालांनी ऐकलं.

"माझ्याकडं घर हाय! दोन खोल्या! मागं वांग्याचा वाफा हाय! अर्धा म्हैना मी नावेवरच असतो, म्हंजे तुला माझा तरास बी अर्धाच!"

हमाल हसले. ओतोसेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण घरी येताना ती त्या उरलेल्या अर्ध्या महिन्याचाच विचार करत होती. दोन खोल्या आणि आत कोणी नाही. ती झोपेल. सकाळ होईल, बाहेर पाखरं ओरडतील, आणि ती तरी झोपलेलीच असेल.

सेन्जूला ओयोनेची मुलगी ओसातो राहत होती. तिचा नवरा खडावा बनवायचा. ओतोसे दोनदा तिच्याकडे जाऊन आली. पहिल्यांदा ओसातो चिडली, दुसऱ्यांदा रडली, आणि शेवटी म्हणाली, "बरं वहिनी. पितरांचा सण होऊ दे. मग आईला मी नेते. तुम्ही तरी किती दिवस ओढणार."

म्हाताऱ्या सासूला सांगायचं राहिलं होतं. ओतोसेने ते मिसोचं सार वाढताना सांगून टाकलं. ओयोनेने वाटी तोंडाला लावली, सार संपवलं, वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"नावाडी आहे म्हणे."

"हो."

"नावाड्याच्या घरात ओल असते."

"असेल."

"जा. तुझं सार तसंही खारट असतं."

तेवढ्यावर ते मिटलं. ओतोसेने हळूहळू एक बोचकं बांधायला घेतलं.

त्याच उन्हाळ्यात सरकारचे काटकसरीचे हुकूम आले. रेशीम नको, दागिने नकोत, नाटकवाल्यांनी गावाबाहेर जावं. आणि नटांची, कलावंतिणींची चित्रं छापणं बंद. ज्यांचं पोट त्या चित्रांवर होतं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओतोसे ज्याच्यासाठी कागद तयार करायची तो प्रकाशक मिझोगुचिया देन्शिची आठवडाभर दुकानात डोकं धरून बसला आणि मग त्याने एक नवी चित्रमाला काढली, 'स्त्रीरत्नांचा आरसा'. इतिहासातल्या, दंतकथांतल्या थोर बायका. घोड्यावर बसून शत्रूचं मुंडकं पिरगाळणारी तोमोए. तीन लेकरांना घेऊन बर्फातून पळणारी तोकिवा. नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून त्याच्या जागी अंधारात स्वतःची मान पुढे करणारी केसा. यांना कोण हरकत घेणार?

छापून झालेली चित्रं देन्शिचीच्या दुकानात टांगलेली असत. कागद पोचवायला गेली की ओतोसे उभ्या उभ्या बघे. तोकिवाजवळ ती जरा जास्त थांबे. एक मूल कडेवर, एक हाताशी, एक झग्याच्या घोळाखाली, आणि वर बर्फ पडतोय. ही शेवटी कुठे पोचली, असं तिने एकदा देन्शिचीला विचारलं. तो म्हणाला, "पकडली गेली. पण पोरं वाचली, नावाजली पुढे." ओतोसे म्हणाली, "मग तिला झोपायला मिळालं असेल." देन्शिचीला ती काय म्हणाली ते कळलं नाही.

देन्शिचीला एक काळजी होती. तपासनीसांनी चित्रांवर मोहोर दिली होती खरी, पण उद्या कुणाचं डोकं फिरेल याचा नेम नव्हता. मालेच्या शेवटी आजच्या काळातली, इथलीच एखादी सद्गुणी बाई घातली तर सरकार खूश राहील, असं त्याच्या मनात आलं. आणि इकडे पेठेच्या प्रमुखांनाही वरून विचारणा आली होती की तुमच्या पेठेत बक्षीस देण्याजोगं सेवाभावी माणूस कोण आहे. दोघे भेटले. रोज संध्याकाळी सासूला पाठीवर घेऊन जाणारी बाई दोघांनीही पाहिली होती.

चाळीचा कारभारी कान्बेई निरोप घेऊन आला तेव्हा ओतोसे अंगणात कुंचला मारत होती.

"ओतोसे, आधी बस. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही."

"उभ्यानेच सांगा कारभारी. कागद वाळतायत."

"तुझं नाव वर गेलंय!"

आतून ओयोनेचा आवाज आला, "मेली की काय ती?"

"वर म्हणजे कचेरीत हो, आजी! बक्षीस मिळणार आहे सुनेला. आणि चित्र निघणार आहे. तोमोए, तोकिवा, आणि आपली ओतोसे!" कान्बेईचा चेहरा फुलून आला होता. त्याच्या चाळीतून आजवर चोर सोडून कुणाचं नाव कचेरीत गेलं नव्हतं.

ओतोसेने कुंचला खाली ठेवला. "कारभारी, मी जाणार आहे. सण झाला की. नोदाला."

"कशाला?"

"लग्न करून."

कान्बेईचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने मागेपुढे पाहिलं. "हे तू मला सांगितलं नाहीस. मी हे ऐकलं नाही."

"नाव मागे घ्यायला सांगा ना."

"मागे? अगं, मागे घ्यायचं म्हणजे प्रमुखांनी वर खोटं कळवलं असं होतं. त्यांच्यापाठोपाठ मी लटकणार. माझ्यापाठोपाठ आजूबाजूची पाच घरं, एकाची चूक सगळ्यांवर येते. तुला काय त्रास आहे? जे करतेस तेच करायचं आहे!"

खरं तर तोच त्रास होता. पण कागदाच्या कडा वाळून वर वळायला लागल्या होत्या. ती पुन्हा कुंचला घेऊन वाकली.

कचेरीच्या अंगणात वाळूवर गुडघे टेकून, कपाळ खाली लावून तिने बक्षीस घेतलं. वर कोणीतरी लांबलचक काही वाचत होतं. गार वाळूवर कपाळ टेकवलेल्या ओतोसेला पेंग आली. मागून कान्बेईने खोकून तिला जागं केलं. मिळालेल्या चांदीतून म्हातारीची जाड गादी झाली, चाळीला मेजवानी झाली, आणि उरलं ते विहिरीच्या नव्या रहाटाला गेलं, कारण बक्षीस मिळालेल्या बाईने ते स्वतःपाशी ठेवणं बरं दिसत नव्हतं.

मग चित्रकार आला. सर्दी झालेला, सारखा बाहीला नाक पुसणारा माणूस. त्याने ओतोसेकडे एकदाच पाहिलं, पण ओयोनेपुढे बराच वेळ बसला.

"आजी, तोंड जरा आत घ्या. दात नसल्यासारखं."

"का म्हणून? माझे सगळे दात शाबूत आहेत. अक्रोड फोडते मी!"

"चित्रात बोळकं बरं दिसतं. लोकांना दया येते."

"लोकांना दया यावी म्हणून मी माझे दात काढू?"

त्याने चित्रातून दात गाळलेच. चित्र छापून आलं तेव्हा त्यात बोळक्या तोंडाची, चिपाड झालेली म्हातारी होती, आणि तिला पाठीवर घेतलेली ओतोसे सोळा-सतरा वर्षांची, गोऱ्या मानेची, एक बट गालावर आलेली. बर्फ पडत होता. वर कोपऱ्यात मजकूर होता की शिताया पेठेतल्या या गुणवंत सुनेने पतीच्या पश्चात दुसऱ्या घराचा विचारही मनात आणला नाही. त्या चित्राचा कागदही ओतोसेनेच माखून वाळवला होता.

ओयोनेने चित्र हातभर लांब धरून बघितलं.

"ही कोण?"

"मी."

"हिला म्हणावं, उद्यापासून तूच ये मला न्यायला."

चित्र खपलं. पेठेतल्या सासवा आपापल्या सुनांना हाताला धरून चाळीपर्यंत आणू लागल्या. ओतोसे कागदाखालून बाहेर आली की त्या बोट दाखवत आणि सुना जमिनीकडे बघत उभ्या राहत. विहिरीवर ती गेली की बोलणं थांबे. शेजारची एक तरणी सून एकदा न राहवून म्हणाली, "ओतोसेताई, काल माझ्या सासूने मला वाकायला लावलं आणि पाठीवर बसली. तिचे पाय धडधाकट आहेत हो! दिवसभर बाजार फिरते ती!" ओतोसेला तिची माफी मागावीशी वाटली, पण कशाबद्दल मागायची ते नीट कळेना.

न्हाणीघराच्या मालकाने चित्र गल्ल्यामागे लावलं. आणि तेव्हापासून उंबऱ्याशी म्हातारीचे पाय कुणी धरेना. पूर्वी जी बाई सहज पुढे व्हायची ती आता दोन पावलं मागे सरून आदराने मान लववी. ओतोसेच्या पुण्यात वाटेकरी कसं व्हायचं, असंच सगळ्यांना वाटत असावं. ओतोसे एकटीच ओल्या फरशीवर पाय रोवून सासूला उतरवी, चोळी, पुसे, उचले. खडावासुद्धा आता तीच काखेत धरी.

पितरांचा सण झाला. ओसातो आली ती तांदळाच्या लाडवांचा डबा घेऊन, आणि बसता बसता रडायला लागली.

"वहिनी, मी आईला कशी नेऊ आता? लोक म्हणतील, अशी सून होती आणि मुलीने ओढून नेलं."

"तू नेणार होतीस ना?"

"तेव्हा चित्र नव्हतं! माझ्या नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन विचारतं, ती तुमचीच सासू ना? मग तिची सून एवढं करते आणि मुलगी काय करते? आम्हीच तोंड लपवतोय."

आतल्या गादीवरून ओयोने म्हणाली, "लाडू कसले आहेत?" ओसातोने डबा पुढे सरकवला. म्हातारीने एक खाल्ला आणि डबा मुलीकडे परत सरकवला.

मागोशिचीला भेटायला ओतोसे धक्क्यावर गेली. त्याच्या पट्ट्यात ते चित्र घडी करून खोचलेलं होतं. जन्मात पहिल्यांदाच तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं.

"आमच्या मालकानं बी लावलंय दुकानात. आता तुला न्यायची म्हंजे... देवळातली मूर्ती चोरल्यावानी व्हईल की गं." त्याने मान खाजवली. "म्हातारीला बी घिऊन ये. म्या दोघींना बी ठेवतो. खातीय ती किती?"

"खाते भरपूर. दात आहेत तिला."

"असू दे."

ओतोसेने त्याच्याकडे बघितलं. तो गंमत करत नव्हता. त्या दिवशी ती परत आली ती थेट कान्बेईकडे गेली. कान्बेईने तिला आत बोलावून दार लावलं, चहा दिला आणि सांगितलं की पेठेच्या नोंदीतून तिचं नाव हलवायला प्रमुखांची सही लागते, आणि प्रमुख काही ती देणार नाहीत. शिवाय लग्न. मजकुरात काय छापलंय ते तिला माहीत होतं ना? "दोन वर्षं जाऊ देत," तो म्हणाला. "लोक विसरतात." तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने तिच्या हातावर लोणच्याची पुरचुंडी ठेवली.

हे सगळं ओयोनेने ऐकलं होतं. चाळीच्या भिंती कागदाच्या जाडीच्या होत्या, आणि तिचे कानही दातांइतकेच शाबूत होते. चार-सहा दिवसांनी न्हाणीघराच्या वाटेवर, जिथे भाजीवाले बसतात त्या गर्दीच्या नाक्यावर ती ओतोसेच्या पाठीवर एकाएकी ताठ झाली आणि किंचाळली.

"मारते! ही मला मारते! उपाशी ठेवते मला! वाचवा हो कोणीतरी!"

ओतोसे जागच्या जागी उभी राहिली. भाजीवाले उठले. म्हातारी तिच्या कानात ओरडत होती, मुठींनी तिच्या खांद्यावर बडवत होती. ओतोसेच्या मनात आलं, हात सोडले तर? नुसते सोडले, आणि चालायला लागलं तर? पण हात सुटले नाहीत. सात वर्षांची सवय होती त्यांना. ते तिला न विचारता म्हातारीच्या मांड्यांखाली घट्ट धरून राहिले.

लोक गोळा झाले. एक बाई तोंडाला बाही लावून हुंदके देऊ लागली. "बिचारी आजी. भ्रमिष्ट झाली हो."

"मी भ्रमिष्ट नाही!" ओयोने ओरडली. "माझं ऐका! ही वाईट सून आहे!"

"आणि हिने बघा, अजून खाली ठेवलं नाही," दुसरं कोणी म्हणालं. "चकार शब्द नाही तोंडातून."

त्याच आठवड्यात प्रमुखांकडून सुती कापडाचा एक तागा आला. खोटे आळ ऐकूनही सेवेत खंड पडू दिला नाही म्हणून. देन्शिचीने चित्राच्या मजकुरात ती गोष्ट वाढवली आणि पुन्हा छापलं.

कापड मध्ये ठेवून दोघी बसल्या होत्या.

"काय होतं हे, सासूबाई?"

"प्रयत्न केला," ओयोने म्हणाली. "या पेठेत म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला काडीची किंमत नाही."

"आधी सांगायचं तरी होतं. मी खरोखरच एक लगावली असती."

म्हातारी फसकन हसली. ओतोसेलाही हसू आलं, पण ते पूर्ण यायच्या आत विरलं, आणि ती कापड उचलून फळीवर ठेवायला उठली.

मागोशिचीने तो हिवाळा वाट पाहिली. वसंतात दुसऱ्या एका नावाड्याने निरोप आणला की त्याने गावातलीच एक विधवा केली. सोबत सोयाचं एक लहानसं पिंप होतं. ओतोसेने त्या दिवशी त्यातलीच सोया घालून टोफू शिजवला. ओयोनेने चव घेतली. "चांगली आहे," ती म्हणाली. आणखी एक घास घेऊन म्हणाली, "माणूस बरा असणार." ओतोसेने मान हलवली. पिंप उन्हाळ्यापर्यंत पुरलं.

कान्बेई म्हणाला होता तसे लोक विसरले, पण त्याला दोनाहून जास्त वर्षं लागली. काटकसरीचे हुकूम काढणारा मोठा अधिकारी पायउतार झाला. नटांची चित्रं आधी चोरून, मग उघड येऊ लागली. 'स्त्रीरत्नांचा आरसा' कुणी मागेना. एकदा कागद पोचवायला गेली तेव्हा देन्शिची अवघडून म्हणाला, "ओतोसे, तुझा ठसा रंधा मारून साफ केला. चेरीचं चांगलं लाकूड होतं, वाया कशाला घालवायचं. त्यावर आता एक नट कोरतोय."

"म्हणजे मी आता छापली जाणार नाही?"

"नाही. तोमोए ठेवलीये तेवढी. घोडा खपतो."

ओतोसेने वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडली. सुटल्यासारखं वाटायला हवं, असं तिला चालताना वाटत होतं. ती त्या वाटण्याची वाट बघत पुलापर्यंत आली. मग कठड्याला टेकून गठ्ठा दुसऱ्या खांद्यावर घेतला. जायला आता कोणी अडवणार नव्हतं. पण जायचं कुठे? नोदाच्या त्या घरात दुसरी बाई वांगी तोडत होती.

ओयोने हलकी होत चालली होती. पूर्वी न्हाणीघरापर्यंत तीनदा थांबावं लागे, आता ओतोसे एका दमात पोचे. शेवटच्या वसंतात म्हातारीने अक्रोड खाणं सोडलं. एका दुपारी, दारातून ऊन गादीवर आलेलं असताना, ती म्हणाली, "तू गेली असतीस तर ओसातोने मला महिन्याभरात संपवलं असतं. मनाने वाईट नाही ती. पण आळशी आहे."

"माहीत आहे."

"म्हणून त्या दिवशी नाक्यावर मी जेवढं ओरडता आलं असतं तेवढं ओरडले नाही."

ओतोसे कागद मोजत होती. तिचे हात थांबले. तिने सासूकडे पाहिलं. म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती, उन्हाकडे बघत होती. ओतोसेच्या आत काहीतरी जुनं, तापलेलं वर आलं आणि तिने ते बाहेर येऊ द्यायचं की नाही याचा विचार केला. मग ती म्हणाली, "पुरेसं मोठ्याने होतं. माझा कान आठवडाभर दुखत होता."

"हो?" म्हातारी म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं.

चेरीचा बहर झडत होता तेव्हा ती गेली, पेज खाऊन, पडल्या पडल्या. ओसातोने खूप आकांत केला. जुन्या आठवणीने पेठेतली बरीच माणसं आली आणि ओतोसेकडे बघून हळहळली. सगळे गेल्यावर ओतोसेने दार लावून घेतलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. शेजारणी दाराबाहेर उभ्या राहून कुजबुजत, बघा, सासूच्या दुःखाने अन्न सोडलंय. त्यांचं ते बोलणं झोपेत तिच्या कानावर पडलं आणि ती कुशीवर वळली.

सरस-तुरटीचं काम तिने सोडलं. पातेली आणि कुंचले ज्याला हवे होते त्याला दिले. नदीपलीकडे फुकागावाला, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं, भाजलेल्या रताळ्यांच्या एका दुकानात ती कामाला लागली. मालकीण ओतोसेहून लहान होती, जाड, तोंडाने फटकळ. भट्टी पेटवायला पहाटे यायचं ठरलं होतं. पहिले काही दिवस ओतोसे वेळेवर आली. मग एक दिवस डोळाच उघडला नाही. उघडला तेव्हा ऊन चटईवर आलं होतं, आणि तिने ते जरा वेळ बघितलं, मग सावकाश केस बांधले.

दुकानापुढे गिऱ्हाईकं खोळंबली होती. मालकीण कमरेवर हात ठेवून उभीच होती.

"या, या राणीसाहेब! झोप झाली का? पालखी पाठवायची का उद्यापासून? एवढी आळशी बाई मी जन्मात पाहिली नाही! कोणी शिकवलं नाही का तुला काही?"

"चुकलं, बाई," ओतोसे म्हणाली.

"नुसतं चुकलं म्हणून भट्टी पेटते का?"

"नाही, बाई."

ओतोसेने बाह्या बांधल्या, भट्टीपुढे बसली आणि फुंकणी उचलली. मालकीण गिऱ्हाइकांना रताळी तोलून देता देता आणखी बराच वेळ तिला बोलत राहिली. ओतोसे फुंकत होती, आणि मधूनमधून, ऐकू येतंय हे कळावं म्हणून, हो म्हणत होती.